काळ्या रानातला गडद निळा

मी समुद्राची खोली मोजतो आणि मला पोहता येत नाही. यात काही विसंगती आहे असं मला कधी वाटलं नाही, कारण मोजताना समुद्र जवळ नसतो. पुण्यात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पडदे ओढून मी उपग्रहानं टिपलेली कोकण किनाऱ्याची छायाचित्रं उघडतो. उजेड पाण्यात शिरतो, तळाला लागून परत येतो. लाल रंग वाटेतच दम टाकतो, हिरवा जरा पुढं जातो, निळा सगळ्यांत खोल. कोणता रंग किती परतला याचा मेळ घातला की उथळ पाण्याची खोली कळते. पांढऱ्या वाळूवर ही रीत उत्तम चालते. वाळू प्रामाणिक असते, घेतलेला उजेड परत करते.

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही तिथल्या पाण्याच्या एका कार्यालयानं, किनाऱ्यावर चालणारी ही रीत आपल्या तलावावर का चालू नये, असा प्रश्न मला विचारला. तलावात गाळ किती साठला आणि कुठं किती पाणी उरलं हे त्यांना हवं होतं. मी पुण्यात बसूनच नकाशा करून पाठवला. बांधाजवळच्या काही जागांची मोजलेली खोली त्यांनी कळवली होती, ती माझ्या आकड्यांशी जुळली. जुळली की आपण शंका घेणं थांबवतो. मग पत्रिका आली: ‘उपग्रहाधारित जलखोली नकाशा लोकार्पण सोहळा’. त्यात मंडपवाल्याचं नाव माझ्या नावापेक्षा ठळक होतं, आणि मंडप प्रत्यक्षात उभा राहणार होता हे पाहता ते रास्तच होतं.

सोहळ्याच्या आधी चार ठिकाणी स्वतः मोजून बघावं म्हणून मी थोडा लवकर निघालो. खरं कारण सांगायचं तर, लवकर निघू नका असं म्हणणारं घरात कुणी नव्हतं.

मुरुम

सोलापूर सोडून नळदुर्गच्या पुढं गेलं की जमीन काळी होत जाते. कोकणातली माती लाल, पुण्याची कशीही. इथली मात्र काळीकुळकुळीत, जणू रात्री कुणी तव्याची काजळी खरवडून पसरली असावी. तिच्यावर हुरड्याला आलेली ज्वारी आणि गुडघ्याखाली हरभरा. बसच्या खिडकीतून मी ते कौतुकानं पाहत होतो. त्या काळेपणाचा आपल्या कामाशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. माणूस प्रवासात निसर्ग पाहतो तेव्हा धंदा विसरतो, हे फार चांगलं लक्षण नाही.

उमरग्याला बस बदलून संध्याकाळी मुरुमला उतरलो. बाजारात चालायला जागा नव्हती. मेथी, कांद्याची पात, ओल्या वाटाण्याचे ढीग, आणि मातीच्या लहान मडक्यांच्या उतरंडी. बायका मडक्यावर बोटानं टिचक्या मारून आवाज ऐकत होत्या. लॉजचा मालक म्हणाला, “उद्या येळवस हाय. बिंदग्या घेऊलालेत. उद्या हितं चहा बी मिळायचा न्हाय, सांगून ठेवतो.”

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. या भागात त्या दिवशी अख्खं गाव उचलून शेतात जातं. ताक-पिठाच्या आंबिलीनं भरलेलं मडकं म्हणजे बिंदगी, ती डोक्यावर घ्यायची, कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा झाली की दिवसभर रानात जेवायचं.

“तुमच्याकडं काय करताव अमावस्येला?” मालकानं विचारलं.

“फ्रीज साफ करतो.”

त्यानं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. “एकटेच असताव व्हय?” असं विचारून उत्तराची वाट न बघता तो म्हणाला, “मग उद्या कुणाच्या बी रानात जावा. आज्याबात लाजू नगा. येळवशीला वाटसरूला उपाशी जाऊ देत न्हायत.”

सकाळी उठलो तर गाव नव्हतं. घरं होती, दुकानं होती, माणसं नव्हती. चौकात एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपलं होतं, त्याला उठवायला एकही गाडी नव्हती. रिकामं गाव मला नवीन नाही, रविवारी दुपारी आमची सोसायटी अशीच असते. फरक इतकाच की तिथं सगळे आत असतात आणि इथं सगळे बाहेर गेले होते, एकमेकांना बरोबर घेऊन. माझी मोजायची काठी बगलेत धरून मी चौकात उभा राहिलो आणि आपण चुकीच्या दिवशी आलो आहोत असं मला वाटू लागलं. सगळ्या दिवसांबद्दल तसं वाटण्याची मला सवय आहे, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

मालक कुटुंबाला रानात सोडून परत आला आणि मला मोटारसायकलवर तलावाकडं घेऊन गेला. वाटेत दर शेतात एक खोप, खोपीभोवती माणसं. आम्हाला पाहून हात वर होत होते, “या की जेवायला!” मालक ओरडून सांगायचा, “सायबाला पानी मोजायचंय!” त्यावर रानातून हसू यायचं.

काठावर

तलावाच्या काठाला एक पत्र्याची होडी होती आणि होडीत मल्लू झोपला होता. मासे धरणारा माणूस, चाळिशीचा. कार्यालयानं त्याला माझ्यासाठी सांगून ठेवलं होतं.

“आज न्हाय,” त्यानं डोळे न उघडताच सांगितलं. “आज आमोशा. उद्या या.”

“उद्या सोहळा आहे.”

“मग परवा मोजा. पानी कुठं पळून चाललंय?” मग एक डोळा उघडून, “आन् वरून सगळं दिसतंय म्हणताव, तर खाली कशाला आलाव?”

“वरून बरोबर दिसतंय का, ते बघायला.”

हे त्याला पटलं असावं, कारण तो उठून बसला. पण होडी सोडायला तयार होईना. तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला, “मल्ल्या, सोड की रं होडी. मला बी जायचंय.”

पाण्याच्या अगदी कडेला एक खोप होती. तीन-चार पेंढ्यांची, आत पाच पांढरे दगड. दर खोपीजवळ माणसं होती, इथं एकटी बाई होती, साठीच्या पुढची. बिंदगी मात्र मोठ्या कुटुंबाला पुरेल एवढी. मल्लू तिला कौसाआत्या म्हणत होता.

“आत्या, तुझं रान पान्यात. पान्यात येळवस करतंय व्हय कुनी?”

“रान कुठं बी असूं दे. चर शिंपायला जायलाच पायजे.” चर शिंपणं म्हणजे उभ्या पिकावर आंबील शिंपडणं, जमिनीला जेवू घालणं. तिचं पीक नव्हतं, जमीनही दिसत नव्हती, पण अमावस्या होती.

मी कोण हे मल्लूनं तिला सांगितलं. तिनं माझ्याकडं वळून नीट पाहिलं.

“त्यो निळा नकाशा तुमी केलाव?”

“हो.”

“मग माझं रान निळ्यात कामून घातलं?”

हळूहळू उलगडा झाला. तलावाचं पाणी ओसरलं की कडेची जमीन उघडी पडते. ती एका हंगामापुरती, तलावात जमीन गेलेल्या जुन्या मालकांना कसायला देतात, त्याला गाळपेर म्हणतात. मागची काही वर्षं पाऊस बरा झाला, कौसाबाईंचं रान वर आलंच नाही. यंदा पाणी कमी. पण यंदा कार्यालयात नकाशा होता. नकाशात फिकट निळं असेल तिथली रानं उघडी पडणार, गडद निळ्यातली नाहीत, म्हणून ती कसायला द्यायचीच नाहीत, असं कार्यालयानं ठरवलं. बाईंचं रान सगळ्यांत गडद निळ्यात.

“तुम्हाला काय वाटतं, निघेल?” मी विचारलं.

“मला काय ठाव? पाच-सा सालं बघितलंच न्हाय म्या रान. किती गाळ बसला, किती वाहून गेला.” मग पाण्याकडं बघत, “पोरगा पुण्याला हाय. त्यो म्हनतो, यंदा रान न्हाय मिळालं तर बैलं इक, आन् ये हिकडं. त्याचं घर हाय तिसऱ्या मजल्यावर.”

“तिसरा मजला वाईट नसतो,” मी म्हणालो.

“तुमी ऱ्हाताव?”

“हो.”

“कोन कोन?”

“मीच.”

ती बिंदगी उचलून होडीकडं निघाली.

गडद निळ्यात

बाई पुढं, बिंदगी मांडीत. मल्लू मागं लांब काठी घेऊन. मी मध्ये, एका हातात टॅब्लेट, दुसरा होडीच्या कडेला घट्ट. टॅब्लेटवर माझा नकाशा होता आणि त्यावर आम्ही म्हणजे एक ठिपका. ठिपका फिकट निळ्यातून सरकत गडद निळ्यात शिरला. मी कड आणखी घट्ट धरली. नकाशाप्रमाणं खाली दोन पुरुष पाणी होतं.

होडी थांबली.

मल्लूनं काठी रेटली. होडी हलेना. “रुतली,” तो म्हणाला. “उतरा सायब, जड तुमीच हाव.”

“इथं दोन पुरुष पाणी आहे.”

“आवो, होडी रुतलीय!”

“गवतात अडकली असेल.”

“काठी बघा की हिकडं, केवढीशीच आत गेली.”

“काठी दगडावर टेकली असेल.”

आयुष्यात मी कधी एवढ्या निष्ठेनं माझ्या कामाची बाजू घेतली नव्हती. परिषदांमध्ये लोक मला विचारतात की या पद्धतीत चूक किती असते, तेव्हा मी मोठेपणानं म्हणतो, चुका असतातच. इथं चूक आहे असं मानलं की मला पाण्यात उतरावं लागणार होतं.

मल्लू आणि मी वाद घालत असताना होडी डुलली. बाईंनी काष्टा खोचला होता आणि एक पाय कडेवरून बाहेर टाकला होता.

“आत्ये! अगं!” मल्लू ओरडला.

“माझं रान हाय,” ती म्हणाली. “बुडले तर माझ्याच रानात बुडन.”

आणि उतरली. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं आणि तिथंच थांबलं. ती तशीच उभी राहिली, दोन्ही हातांत बिंदगी धरून, माझ्या नकाशातल्या सगळ्यांत गडद निळ्यात. पायानं खालचा गाळ चाचपत होती, डावा पाय, मग उजवा.

“गाळ चांगला बसलाय,” शेवटी म्हणाली.

त्यानंतर मला उतरणं भाग होतं. मी उतरलो. पायाखाली थंड, मऊ, लोण्यासारखं काहीतरी सरकलं आणि पायजमा असता तर बरं झालं असतं असं वाटून गेलं, कारण मी सोहळ्यासाठी आणलेली एकुलती एक पँट घातली होती. वाकून मूठभर गाळ वर काढला. कुळकुळीत काळा. मुठीतून गळताना उन्हातसुद्धा चमकला नाही.

तेव्हा कळलं. बसच्या खिडकीतून ज्याचं कौतुक केलं तेच. वाळू उजेड परत करते, ही माती परत करत नाही. वर काही परत आलं नाही म्हणून माझ्या गणितानं मानलं की पाणी खोल आहे. जुळलेल्या जागा होत्या बांधाजवळच्या, तिथं मुरूम टाकलेला, फिकट. मी ते दोघांना सांगितलं.

“म्हंजी आमच्या रानाचा रंगच नडला,” मल्लू म्हणाला.

“रंग नाही. मी नडलो.”

बाईंचं लक्ष नव्हतं. तिनं आंबिलीत ज्वारीचं पान बुडवून पाण्यावर शिंपायला सुरुवात केली होती. या वेळी एक आरोळी देतात. त्या आरोळीचे शब्द जुने, बहुधा कानडी, आणि अर्थ कुणालाच ठाऊक नाही. सगळे मिळून ओरडतात तेव्हा अर्थाची गरज पडत नाही. तिनं एकटीनंच दिली. मग मल्लूनं दिली, जरा लाजून. दोघांनी माझ्याकडं पाहिलं, तेव्हा मीही दिली. पाण्यावरून ती कुठवर गेली कोण जाणे. पलीकडच्या काठावरच्या कुठल्यातरी रानातून उत्तर आलं.

दुपारभर मी मोजत फिरलो. मल्लू होडी ओढत होता, मी काठी टेकवून जागा नोंदवत होतो. त्या बाजूच्या काळ्या तळावर पाणी सगळीकडं गुडघा-मांडीएवढंच.

मग खोपीशी जेवलो. बाजरीच्या पिठाचे गोळे म्हणजे उंडे, वर तूप. डाळी, शेंगा, पालेभाज्या सगळ्यांना एकत्र शिजवून केलेली भज्जी, जिला आमच्याकडच्या भजीशी काही नातं नाही. गव्हाची खीर आणि लसणाची चव लागणारी थंड आंबील. आमच्याकडं पाहुण्याला ‘आणखी हवं का’ असं विचारतात. इथं विचारत नाहीत, वाढतात. मी हात आडवा धरला की ती हाताच्या पलीकडून वाढायची.

“वरून माणूस दिसतंय का?” तिनं विचारलं.

“नाही. माणूस फार लहान पडतो.”

“मंग रान?”

“रान दिसतं. हिरवं असलं तर चांगलं दिसतं.”

“बरं,” ती म्हणाली आणि आणखी भज्जी वाढली.

दिवस मावळताना शेताशेतांतून जाळ फिरू लागले. पेंढी पेटवून रानाभोवती पळतात, त्याला हेंडगा म्हणतात. लॉजच्या गच्चीवरून मला ते दिसत होते, केशरी ठिपके गोल गोल फिरताना. माणसं दिसत नव्हती. वरून बघायची मला सवय आहे, तरी त्या संध्याकाळी ते बरं वाटलं नाही. खाली जाऊन अंधाऱ्या चौकात उभा राहिलो. गाव परत येत होतं, रिकाम्या बिंदग्या घेऊन, भांडत, हसत, पेंगलेली पोरं खांद्यावर टाकून.

सोहळा

मंडपाच्या पाठीमागं भव्य फलक होता. त्यावर माझा नकाशा आणि शोभेसाठी नारळाची झाडं व उडी मारणारा एक डॉल्फिन. फलक करणाऱ्यानं ‘खोली’ आणि ‘पाणी’ यावरून मन लावून विचार केला असणार. डॉल्फिन नेमका कौसाबाईंच्या रानावर होता.

मी मुख्य साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की दक्षिणेकडचा गडद भाग चूक आहे.

“चूक म्हणजे?”

“पाणी तिथं गुडघाभर आहे.”

“तांत्रिक बाब आहे ती. मागाहून दुरुस्त करा.” त्यांनी फलकाकडं समाधानानं पाहिलं. “निळा छान आलाय, नाही? तलाव भरलेला वाटतो.”

नारळ फुटला. फीत कापली, पण कात्री बोथट निघाल्यामुळं ती तीन जणांनी मिळून तोडली. भाषणं झाली. प्रत्येक वक्त्यानं अवकाश जिंकलं. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी आभार मानले, आणि म्हणालो की फलकावर जिथं डॉल्फिन आहे तिथला गडद निळा पाण्याचा नाही, मातीचा आहे. तिथली रानं यंदा उघडी पडतील असं मला वाटतं. नकाशा चुकला आहे आणि तो मी केला आहे. टाळ्या झाल्या. त्या दिवशी कुठल्याही वाक्याला होत होत्या.

मागून मल्लूचा आवाज आला, “सायब, तुमी सोता उभं होताव का न्हाय तितं? माईकवर सांगा!”

“उभा होतो.”

“किती पान्यात?”

मी व्यासपीठाच्या पुढं आलो आणि पँट दाखवली. लॉजवर दोनदा धुऊनही गुडघ्यावर काळी रेघ उरली होती, आखून काढल्यासारखी. मंडप हसला. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “मग माझं बी रान काळंच हाय, माझं बी बघा!” मग दुसरा, मग सगळेच उठले, आपापलं रान किती काळं ते सांगत. एक म्हातारा तर म्हणाला की त्याच्याएवढं काळं रान तालुक्यात नाही. साहेबांनी माईक घेऊन जाहीर केलं की सगळ्याचा सहानुभूतीपूर्वक विचार होईल. हे वाक्य ऐकून माझी आशा मावळली.

कौसाबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. निघताना त्यांनी फडक्यात बांधलेले चार उंडे माझ्या हातात दिले. “तितं कोन करून घालनार?” म्हणाल्या. त्यांच्या रानाचं काय होणार हे त्यांनी विचारलं नाही. मलाही सांगता आलं नसतं.

तिसरा मजला

पुण्यात आल्यावर मी मोजलेल्या जागा घालून नकाशा नव्यानं केला आणि पाठवला. कार्यालयाकडून एका शब्दाचं उत्तर आलं, ‘मिळाला’. पुढं काही नाही. मल्लूचा फोन लागला नाही. आपण सत्य सांगितलं याचं समाधान दोन दिवस टिकतं. नंतर त्यानं काही झालं का, हा प्रश्न उरतो.

उंडे मी पुरवून पुरवून खाल्ले.

संगणकावर कामाच्या फायलींशेजारी मी एक खिडकी उघडी ठेवू लागलो. दर थोड्या दिवसांनी उपग्रह त्या तलावावरून जातो. आधी तिथं गडद पाणीच होतं. मग एकदा ढग. मग पाणी मागं सरलं आणि त्याच्या जागी काळा पट्टा आला, ओला, निव्वळ काळा. पुढच्या चित्रात तो तसाच होता, त्यापुढच्याही. जिन्यात एखाद्या म्हाताऱ्या बाईचा आवाज आला की आजकाल मी उगाच कान देतो. या शहरात तिसरे मजले पुष्कळ आहेत, त्यांतल्या एखाद्यात कौसाबाई येऊन बसल्या असतील.

परवा संध्याकाळी नवं चित्र आलं. काळ्या पट्ट्यात एक हिरवा तुकडा होता. फार मोठा नाही, थोडा वाकडा, नव्यानं उगवल्याचा तो पोपटी रंग. मी त्यावर माझा जुना नकाशा ठेवून पाहिला. डॉल्फिन जिथं होता तिथंच.

माणूस यात दिसत नाही, हे मी त्यांना सांगितलंच होतं. तरी मी ते चित्र मोठं करत गेलो, आणखी मोठं, हिरव्याचे नुसते चौकोन उरेपर्यंत.